अश्वशामक साधने, स्पर्धांतील

अश्वशामक साधने, स्पर्धांतील : अश्वारोहणाच्या स्पर्धांत घोड्याची भीती, बुजरेपणा वा उत्तेजितपणा कमी होऊन तो स्वाराच्या आज्ञेत राहावा, या हेतूने योजण्यात येणारी उपकरणे, साजाचे भाग, खाद्यपूरके व औषधिद्रव्ये यांचा या संज्ञेत समावेश होतो. कार्यपद्धतीनुसार त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील साधने भीतीचे कारण घोड्यापासून दूर ठेवतात, उदा., गोंगाट व माश्या अडविणारी कानटोपी. दुसऱ्या वर्गातील साधने कारण तसेच ठेवून घोड्याची प्रतिक्रिया दाबून टाकतात, उदा., जबडा आवळून धरणारी नाकपट्टी किंवा शांतक औषध. दुरून पाहणाऱ्यास दोन्ही घोडे सारखेच शांत दिसतात. परंतु पहिल्याची भीती कमी झालेली असते, तर दुसरा भ्यालेला असूनही ते दाखवू शकत नाही किंवा गुंगीत असतो. स्पर्धांचे आधुनिक नियम बव्हंशी याच भेदाच्या आधारे समजून घेता येतात.

घोड्याची संवेदनशीलता : घोडा हा मूलतः मोकळ्या माळावर कळपाने राहणारा व हिंस्र पशूंचे भक्ष्य होणारा प्राणी आहे. संकट ओळखण्यापूर्वीच पळ काढणे, हा त्याच्या संरक्षणाचा मुख्य मार्ग होय. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्याला सु. ३५०° एवढा परिसर दिसतो. मात्र कपाळासमोरील अगदी लगतचा भाग व शेपटीमागील भाग यांत त्याला काही दिसत नाही. कान स्वतंत्रपणे व सु. १८०° पर्यंत वळू शकतात आणि मनुष्यास ऐकू न येणारे उच्च कंप्रतेचे ध्वनी (सु. ३३ किलोहर्ट्‌झपर्यंत) त्याला ऐकू येतात. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सु. ३० ते ४० असतात. भीतीने ते काही क्षणांतच कितीतरी पटींनी वाढतात. ध्वनिक्षेपक, फडफडणाऱ्या पताका, टाळ्यांचा कडकडाट व अपरिचित घोड्यांची गर्दी यांमुळे स्पर्धेचे मैदान हे घोड्याच्या दृष्टीने बुजण्याचे ठिकाण ठरते. बुजलेला घोडा स्वारासह कोसळू शकतो किंवा प्रेक्षकांत घुसू शकतो. त्यामुळे त्याला शांत राखण्याची गरज ही केवळ गुणांपुरती नसून सुरक्षिततेचीही असते.

पूर्वपीठिका : भारतात अश्वविद्येची परंपरा प्राचीन असून तिचा आद्य आचार्य म्हणून शालिहोत्राचे नाव घेतले जाते. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात अश्वांची परीक्षा, त्यांना द्यावयाचे शिक्षण व घोड्यावरून खेळावयाचा चेंडूचा खेळ यांचे विवेचन आढळते. मराठ्यांच्या घोडदळामुळे साजाची एक समृद्ध परिभाषा मराठीत रुळली. लगाम, खोगीर, रिकीब, तंग, दुमची, मोहरकी, तोबरा, अगाडी-पिछाडी हे शब्द तीतलेच होत. ‘जेरबंद’ म्हणजे घोड्याने मान वर उडवू नये म्हणून तंगापासून पुढील दोन पायांमधून वर नेलेला पट्टा. तो शब्द ‘पकडून बंदिस्त करणे’ या अर्थाने रूढ झाला. ‘झापडे लावणे’ व ‘लगाम घालणे’ हे वाक्प्रचारही असेच साजावरून आले आहेत. घोड्याला आवरण्याची साधने त्याला बांधण्याचीही असतात, ही जाणीव या शब्दार्थांत उमटलेली दिसते.

दृष्टी व श्रवण यांसंबंधीची साधने : झापडांमुळे घोड्याला मागचे व बाजूचे दृश्य दिसत नाही आणि तो समोर लक्ष देतो. शर्यतीच्या घोड्यांत त्यांचा वापर सर्वत्र आहे. घोड्याला झापडे लावणार असल्यास ते शर्यतीपूर्वी जाहीर केले जाते, कारण त्यामुळे त्याच्या धावण्यात पडणारा फरक प्रेक्षकांस अगोदर कळणे आवश्यक मानतात. नाकपट्टीवर लोकरीचे जाड वेटोळे चढविल्यास जमिनीवरील सावल्या घोड्याला दिसत नाहीत व तो त्यांवरून उड्या मारीत नाही. शर्यत सुरू होण्याच्या कप्प्यात शिरण्यास कचरणाऱ्या घोड्याचे डोळे क्षणभर झाकून त्याला आत नेण्याचाही प्रघात आहे. शर्यतींव्यतिरिक्त अन्य अश्वारोहण स्पर्धांचे नियमन आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघ (स्थापना १९२१, मुख्यालय लोझॅन, स्वित्झर्लंड) करतो. त्याच्या नियमांनुसार ड्रेसाज व अडथळे-उड्डाण या दोन्ही प्रकारांत झापडांस मनाई आहे. उड्डाणात लगामाच्या गालपट्ट्यांवर लोकर लावता येते. परंतु तिची जाडी घोड्याच्या चेहऱ्यापासून ३ सेंमी.पेक्षा अधिक असू नये, असे बंधन आहे.

विणलेली कानटोपी ही आज सर्वाधिक दिसणारी उपसाधने होत. तिच्यात ध्वनिशोषक अस्तर घातल्यास गोंगाटही कमी होतो आणि अशा टोपीस ड्रेसाजमध्ये परवानगी आहे. मात्र तिने डोळे झाकले जाऊ नयेत. ड्रेसाजच्या प्रत्यक्ष फेरीत कानांत बोळे घालता येत नाहीत. पारितोषिक समारंभात व घोड्यांच्या तपासणीच्या वेळी त्यांस मुभा आहे. आवाज कमी करणे निषिद्ध नाही, पण फेरी चालू असता घोड्याचे कान पूर्णतः बंद करणे मान्य नाही, असा या नियमाचा आशय आहे.

आवर घालणारा साज : उड्डाणस्पर्धांत दोन कड्यांतून लगाम ओवलेला, सरकता जेरबंद चालतो, मान एका जागी जखडणारा जेरबंद चालत नाही. ड्रेसाजमध्ये जेरबंद मुळीच वापरता येत नाही. नाकपट्टी हा लगामाच्या साजाचा नेहमीचा भाग असला, तरी ती फार आवळल्यास घोड्याला जबडा हलविता येत नाही. दहाण्यामुळे तोंडास त्रास होत असेल, तर घोडा तोंड उघडून ते दर्शवितो. घट्ट नाकपट्टीमुळे ही खूणच नाहीशी होते आणि पंचास तो आज्ञाधारक भासतो. नाकपट्टीखाली दोन बोटे शिरावीत, हा जुना संकेत होता. परंतु बोटांची जाडी व ती घालण्याची जागा माणसागणिक बदलत असल्याने त्यात वाद होत. म्हणून महासंघाने २०२५ पासून प्रमाणित मापनसाधन वापरात आणले असून नाकाच्या हाडावर १.५ सेंमी. मोकळी जागा असणे आवश्यक केले आहे.

वरच्या ओठाला दोरीचा फास घालून तो पिळण्याची रीत नाल ठोकताना वा जखम शिवताना जगभर वापरली जाते. थोड्या वेळापुरती ती वापरल्यास शरीरात वेदनाशामक द्रव्ये स्रवून हृदयाचे ठोके कमी होतात. काही मिनिटांनंतर मात्र ते पुन्हा वाढू लागतात. कान पिळल्याने तर आरंभापासून केवळ ताणच वाढतो. ही रीत उपचारापुरतीच मर्यादित असून स्पर्धेतील घोडा शांत करण्याचे साधन म्हणून तिला स्थान नाही.

खाद्यपूरके : मॅग्नेशियम, थायामीन (ब१ जीवनसत्त्व) व ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो अम्ल यांची मिश्रणे घोडा शांत करणारी म्हणून विकली जातात. आहारात एखाद्या घटकाची खरोखर उणीव असल्यास ती भरून काढणे उपयुक्त असते. परंतु उणीव नसलेल्या घोड्यावर त्यांचा परिणाम होतो, याला भक्कम पुरावा नाही. ट्रिप्टोफॅनसंबंधीच्या प्रयोगांचे निष्कर्ष तर परस्परविरोधी आहेत. ‘वनस्पतिजन्य’ किंवा ‘नैसर्गिक’ हा शब्द निर्दोषत्वाची हमी देत नाही. व्हॅलेरियन या वनस्पतीतील व्हॅलेरेनिक अम्ल प्रतिबंधित द्रव्यांच्या यादीत आहे. भारतीय सर्पगंधेच्या मुळापासून १९५२ मध्ये वेगळे करण्यात आलेले रेसर्पीन हे द्रव्य मनुष्याच्या रक्तदाबावर दीर्घकाळ वापरले गेले. घोड्यात त्याचा शामक परिणाम अनेक दिवस टिकतो व स्पर्धांत त्यास पूर्ण बंदी आहे. खसखशीचा अंश खाद्यात मिसळला गेल्यास नमुन्यात मॉर्फीन आढळू शकते. ब्रिटनच्या राणीच्या ‘एस्टिमेट’ या घोडीच्या नमुन्यात २०१४ मध्ये मॉर्फीन आढळले, ते दूषित खाद्यातून आल्याचे निष्पन्न झाले होते.

औषधिद्रव्ये : महासंघाच्या यादीत द्रव्यांचे दोन गट आहेत. ज्यांचा स्पर्धेतील घोड्यास कोणताही रास्त उपयोग नाही, अशी रेसर्पीन, फ्लूफेनाझीन यांसारखी द्रव्ये ‘बंदी असलेली’ होत; जी उपचारास आवश्यक असतात पण स्पर्धेच्या वेळी शरीरात असता कामा नयेत, ती ‘नियंत्रित’ होत. ॲसिप्रोमॅझीन हे पशुवैद्यकात सर्रास वापरले जाणारे शांतक दुसऱ्या गटात मोडते. त्याने रक्तदाब उतरतो, पावले अडखळतात आणि नर घोड्यात क्वचित शिश्न लोंबकळत राहून त्यास कायमचा पक्षाघात होतो. गुंगीतील घोड्यास अडथळ्याचे अंतर नीट अजमावता येत नाही. त्यामुळे ज्या अपघाताच्या भीतीने औषध दिले जाते, तोच अपघात त्यामुळे ओढवण्याचा संभव असतो.

या नियमभंगाचे गाजलेले उदाहरण २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधील आहे. आयर्लंडच्या सीअन ओकॉनर याने ‘वॉटरफर्ड क्रिस्टल’ या घोड्यावर वैयक्तिक उड्डाणस्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले. परंतु घोड्याच्या नमुन्यात फ्लूफेनाझीन व झुक्लोपेंथिक्झॉल ही शांतके आढळली. स्पर्धेवर परिणाम घडविण्याचा हेतू नव्हता, असे चौकशीत मान्य झाले. तरीही २००५ मध्ये पदक काढून घेण्यात येऊन ते ब्राझीलच्या रोद्रिगू पेसोआ यास देण्यात आले. हेतू कोणताही असो, घोड्याच्या शरीरात द्रव्य आढळणे हेच निर्णायक असते, हे तत्त्व या निर्णयाने ठळक झाले.

याउलट, केवळ ताबा ठेवण्याच्या साधनांनी भीती जात नाही, याचे दर्शन २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकच्या आधुनिक पंचक स्पर्धेत (मॉडर्न पेंटॅथलॉन) घडले. त्या क्रीडाप्रकारात चिठ्ठीने मिळालेल्या अपरिचित घोड्यावर केवळ २० मिनिटांच्या सरावानंतर उड्डाण करावे लागे. आघाडीवरील जर्मन स्पर्धक महिलेस मिळालेला ‘सेंट बॉय’ हा घोडा बिथरला व उड्या घेईना. चाबूक व टाचा यांचा उपयोग झाला नाही. या घटनेवरील टीकेनंतर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर अश्वारोहण त्या क्रीडाप्रकारातून वगळण्यात आले.

महाराष्ट्रातील स्थिती : राज्यात घोड्यांच्या स्पर्धांची दोन भिन्न क्षेत्रे आहेत. एक संघटित क्षेत्र होय. त्यात मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावरील (१८८३) व पुण्यातील शर्यती, तसेच मुंबईच्या ॲमॅच्युअर रायडर्स क्लबसारख्या (१९४२) संस्थांच्या स्पर्धा येतात. येथे पशुवैद्य, पंच व नमुनातपासणी यांची व्यवस्था असते. हांगजो येथील आशियाई क्रीडास्पर्धांत २०२३ मध्ये भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक मिळविले. त्या चमूत मुंबईचा हृदय छेडा होता. ड्रेसाजमध्ये घोड्याचा सहजपणा व स्वाराशी असलेला त्याचा मेळ यांनाच गुण असल्याने तेथे कृत्रिम शांततेचा प्रश्न सर्वांत नाजूक ठरतो.

दुसरे क्षेत्र यात्रा-बाजारांचे आहे. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी दत्तजयंतीच्या सुमारास भरणारी यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असून तेथे घोड्यांची नृत्ये व स्पर्धा होतात. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजचा घोडेबाजारही प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम लागू नसले, तरी देशाचा कायदा लागू असतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार प्राण्यास अपायकारक औषध वा पदार्थ हेतुपुरस्सर व अकारण देणे हा गुन्हा आहे. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनी काटेरी दहाण्यास मनाई केली आहे. खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीसंबंधीच्या २००१ च्या नियमांत लोकांना प्रवेश असलेल्या अश्वविषयक कार्यक्रमांचाही अंतर्भाव असून आजारी वा जखमी प्राण्यावरील उपचारासाठी पशुवैद्याने दिलेल्या भुलीखेरीज शामके, शांतके व उत्तेजके देण्यास त्यांत मनाई आहे. त्यामुळे स्पर्धा महालक्ष्मीची असो किंवा देवळाली प्रवरा (ता. राहुरी, जि. अहिल्यानगर) यांसारख्या लहान शहरातील मैदानावरची असो, कायद्याच्या दृष्टीने घोड्याचे संरक्षण सारखेच आहे. फरक पडतो तो तपासणीचा. जेथे नमुने घेणारा कोणी नसतो, तेथे सर्व भार मालकाच्या व मोतद्दाराच्या जाणतेपणावर राहतो.

साधनांवाचून शमन : बुजणाऱ्या घोड्याचा प्रथम वैद्यकीय विचार करणे इष्ट असते. दात, पाठ व खुरे यांतील वेदना, न बसणारे खोगीर आणि खेळाच्या घोड्यांत वारंवार आढळणारे जठरव्रण यांमुळे घोडा चिडखोर होतो. अशा वेळी शामकाने दुखणे केवळ झाकले जाते. कामाच्या मानाने दाणा अधिक व वैरण कमी असणे, दिवसभर पागेत बांधून ठेवणे, सोबतीस दुसरा घोडा नसणे हीही अस्वस्थतेची कारणे होत. दाणा कमी करून वैरण वाढविणे, रोज मोकळे सोडणे, स्पर्धास्थानी लवकर पोहोचून घोड्यास परिसर हिंडवून दाखविणे व लांब दोरीवर वर्तुळात फिरविणे, हे उपाय सर्वत्र अनुमत आहेत. घोडे एकमेकांचे खांदे व आयाळीचा बुडखा खाजवितात. त्याच जागी हाताने चोळले वा खरारा केला असता हृदयाचे ठोके कमी होतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे सवय. भीतिदायक वस्तू वा आवाज प्रथम दुरून व सौम्यपणे, नंतर क्रमाक्रमाने जवळून अनुभवास आणणे आणि घोडा स्वस्थ राहताच दाब काढून घेणे, ही तिची रीत होय. आषाढी वारीत ज्ञानेश्वरांच्या पालखीसोबत बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून येणारे अश्व हजारो वारकऱ्यांच्या टाळ-मृदंगांच्या गजरात रिंगणात धावतात. ही स्पर्धा नव्हे; परंतु मोठ्या गर्दीतही घोडा आपले काम करू शकतो, हे तीत दरवर्षी पाहावयास मिळते. अशा सवयीस महिने लागतात व ती स्पर्धेच्या दिवशी लावता येत नाही. आयत्या वेळी योजलेल्या साधनांचा मोह पडतो, तो मुख्यतः हा वेळ दिलेला नसतो म्हणून.