आधी बटण, मग उमेद

‘सकारात्मक राहा’ हे सांगणाऱ्याचं काय जातं? ज्याच्यावर बेततं त्यालाच विचारावं. 1978 साली अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अपघातात लुळ्या पडलेल्या 29 जणांना ‘किती सुखी आहात?’ असं विचारलं. त्यांचे सरासरी गुण 5 पैकी 2.96, हाच प्रश्न विचारलेल्या लॉटरीविजेत्यांचे 4. फरक होताच, पण वाटतो तेवढा नाही.

सांगलीचे मुरलीकांत पेटकर सैन्यातले मुष्टियोद्धे. 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून पोहू लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर अंतर 37.33 सेकंदांत कापून पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले.

उमेद येईल, मग हातपाय हलवू, हा क्रम मानसोपचारात अनेकदा उलटा धरतात: आधी कृती. शर्टाचं एक बटण स्वतः लावणं, एवढीसुद्धा चालते. म्हणून रुग्णाला भेटायला जाल तेव्हा उपदेश घरी ठेवा. बटण मात्र त्यालाच लावू द्या, वेळ लागला तरी.