रक्तदात्यापासून रुग्णापर्यंत : जपानची पेशीपेढी

क्योतो विद्यापीठातील शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या पूर्ण वाढलेल्या पेशींत चार जनुके घालून त्या पेशी पुन्हा भ्रूणावस्थेतील पेशींसारख्या करून दाखवल्या आणि पुढच्याच वर्षी हा प्रयोग मानवी पेशींवरही साधला. शरीरातील जवळजवळ कोणतीही पेशी घडवू शकणाऱ्या या मूलपेशींना आयपीएस पेशी म्हणतात. या शोधासाठी २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले खरे. परंतु बशीत वाढलेली पेशी रुग्णाच्या शरीरात निर्धोकपणे बसवणे हे एका विद्यापीठाच्या आवाक्यातले काम नव्हते. म्हणून जपान सरकारने २०१३ पासून दहा वर्षांत सुमारे ११० अब्ज येन देण्याचे ठरवले आणि क्योतोतील ‘सायरा’ हे आयपीएस संशोधन केंद्र मध्यभागी ठेवून दृष्टिपटलाचे काम कोबेतील रिकेन संस्थेकडे, हृदयाचे ओसाका विद्यापीठाकडे, तर मेरुरज्जूचे केइओ विद्यापीठाकडे सोपवले.

पहिली कसोटी डोळ्यावर लागली. सप्टेंबर २०१४ मध्ये मासायो ताकाहाशी यांच्या चमूने वार्धक्यामुळे दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजलेल्या एका वृद्ध स्त्रीच्या त्वचेपासून आयपीएस पेशी केल्या, त्यांपासून दृष्टिपटलामागील रंगद्रव्य पेशींचा जेमतेम १.३ बाय ३ मिलिमीटरचा थर वाढवला आणि तो तिच्या एका डोळ्यात बसवला. या पेशी तपकिरी, षटकोनी आणि फरसबंदीसारख्या एकमेकींना चिकटून असतात. त्यामुळे अपेक्षित पेशीच तयार झाल्या की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच बरेचसे कळते. त्या रुग्णाची दृष्टी सुधारली नाही, पण ढासळणे थांबले. दुसऱ्या रुग्णासाठी केलेल्या पेशींत मात्र जनुकीय बदल आढळले, तेव्हा शस्त्रक्रिया थांबवण्यात आली. प्रत्येक रुग्णासाठी त्याच्याच पेशी नव्याने घडवणे व तपासणे किती वेळखाऊ, खर्चिक आणि अनिश्चित असते, हे या अनुभवाने स्पष्ट झाले.

या अडचणीवरचा उपाय म्हणजे सायराची पेशीपेढी, आणि साऱ्या उपक्रमातील सर्वांत मोलाची कल्पना तीच म्हणावी लागेल. परक्या पेशी ओळखण्यासाठी शरीर एचएलए नावाच्या प्रथिनांच्या खुणा वापरते आणि या खुणांचा एकेक संच आई व वडील या दोघांकडून येतो. ज्या व्यक्तीला दोन्हीकडून एकच संच मिळालेला असतो, तिच्या पेशी तो संच असलेल्या असंख्य लोकांना बऱ्यापैकी जुळतात. अशा व्यक्ती विरळा; त्यामुळे रेड क्रॉस, अस्थिमज्जा दात्यांची नोंदवही आणि नाळेतील रक्ताच्या पेढ्या यांच्या मदतीने निरोगी दाते शोधण्यात आले. जपानमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या चार संचांच्या पेशी जमल्यावर सुमारे ४० टक्के लोकसंख्येला जुळणारा साठा तयार झाला. मार्च २०१७ मध्ये कोबेत दुसऱ्याच्या पेशींपासून केलेल्या दृष्टिपटल पेशी रुग्णाला देण्यात आल्या, त्या याच साठ्यातल्या. पुढे हृदय, मेरुरज्जू आणि पार्किन्सनच्या आजारावरील चाचण्यांनीही पेढीचा आधार घेतला.

वैज्ञानिक सहकार्याइतकाच कायदाही निर्णायक ठरला. नोव्हेंबर २०१४ पासून जपानमध्ये सुरक्षितता दिसली आणि परिणामकारकता संभाव्य वाटली, तर अशा उपचारास मुदतीची, सशर्त मंजुरी देता येते. ही तरतूद रुग्णाला लवकर आशा देते, पण पुराव्याचा भार पुढे ढकलते. आयपीएसशी संबंध नसलेल्या, रुग्णाच्या मांडीतील स्नायूपेशींपासून केलेल्या ‘हार्टशीट’ या हृदयावरील उपचाराला २०१५ मध्ये अशी मंजुरी मिळाली होती, पण उपयुक्तता सिद्ध न झाल्याने २०२४ मध्ये तज्ज्ञ समितीने त्याला पूर्ण मंजुरी देण्यास नकार दिला. सशर्त मंजुरीवरील आक्षेप म्हणूनच गांभीर्याने घ्यायला हवेत.

पेढीच्या आधाराने झालेल्या पार्किन्सनच्या चाचणीकडेही याच नजरेने पाहायला हवे. क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयात जुन ताकाहाशी यांच्या नेतृत्वाखाली डोपामिन तयार करणाऱ्या पेशींच्या पूर्वावस्थेतील पेशी सात पार्किन्सन रुग्णांच्या मेंदूत बसवण्यात आल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत आणि परिणामासाठी तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचाली औषधाचा प्रभाव नसतानाही सुधारल्या. मात्र या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.