गोळीची रिअ‍ॅक्शन, जिवावरचं दुखणं आणि दहा रुग्णांचा पुरावा

फिट्सची, युरिक अ‍ॅसिडची किंवा सल्फाची गोळी सुरू होऊन दोनेक आठवडे झालेले असतात. आधी ताप येतो, डोळे चुरचुरतात, तोंड इतकं सोलवटतं की पाण्याचा घोटही गिळवत नाही. मग काळपट-लाल चट्टे, फोड, आणि नुसतं बोट घासलं तरी सुटून येणारी कातडी. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. अंगावरची ३० टक्क्यांहून जास्त कातडी सुटली, तर त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात. तो झालेल्यांपैकी साधारण तिघांतला एक दगावतो.

अशा घरात हमखास ऐकू येतं : ‘अमुक इंजेक्शन दिलं आणि पेशंट वाचला, म्हणजे औषध लागू पडलं.’ तसं म्हणता येत नाही. घातक गोळी वेळीच बंद झाली आणि शुश्रूषा चांगली मिळाली, तर बरेच रुग्ण वेगळ्या औषधाविनाही बरे होतात. १९९८ साली इम्युनोग्लोब्युलिन दिलेल्या १० रुग्णांचा अहवाल आला, दहाही वाचले होते. हे महागडं औषध जगभर वापरात आलं. पुढच्या मोठ्या तुलनांत मात्र त्याने मृत्यू कमी होतात, असं स्पष्ट दिसलं नाही.

१९९८ सालीच फ्रान्समधल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कातडी मारणाऱ्या प्रक्रियेत टीएनएफ हे प्रथिन असतं, थॅलिडोमाइड ते दाबतं, तेव्हा ते उपयोगी पडेल, हा तर्क चुकीचा वाटण्याजोगा नव्हताच. २२ रुग्णांपैकी १२ जणांना थॅलिडोमाइड आणि १० जणांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, मिळाली. थॅलिडोमाइड घेणाऱ्या बारांपैकी १० दगावले, प्लासिबोवाल्या दहांपैकी ३. चाचणी तिथेच थांबवली. तुलनेचा गट नसता, तर हे मृत्यू आजाराच्याच खात्यावर पडले असते आणि औषध दिलं जात राहिलं असतं. ‘मरणाच्या दारातल्या माणसाला प्लासिबो देणं क्रूरपणा आहे’ असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. शिवाय प्लासिबो म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणं नव्हे. सलाइन, न चिकटणारी ड्रेसिंग, वेदनाशामक, जंतुसंसर्गावर नजर आणि डोळ्यांची रोजची काळजी दोन्ही गटांना मिळते. दृष्टी वाचते ती बहुतांशी याच काळजीमुळे.

‘इतकी वर्षं झाली, कुणी औषध शोधतच नाही’ हेही खरं नाही. अडचण संख्येची आहे. वर्षाला दहा लाखांत एखाद-दोन रुग्ण, तेही अत्यवस्थ. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्याला जगभरातून ९ अभ्यास आणि सगळे मिळून ३०८ रुग्ण सापडले. तैवानच्या २०१८ मधल्या चाचणीत इटानरसेप्ट या टीएनएफ रोखणाऱ्या औषधाने कातडी साधारण १४ दिवसांत भरली, स्टेरॉइडने १९. मृत्यूंतला फरक मात्र ठाम निष्कर्ष काढण्याएवढा नव्हता. २०२४ मध्ये जॅक इनहिबिटर गटातली औषधं दिलेले ७ रुग्ण बरे झाल्याचं प्रसिद्ध झालं. बातमी आशेची आहे, पण सातच रुग्ण आणि तुलनेला कुणी नाही. १९९८ च्या दहा जणांसारखंच.

प्रतिबंधाचा पुरावा याहून भक्कम आहे. तैवानमध्येच कार्बामॅझेपिन ही फिट्सची गोळी देण्याआधी ४,८७७ जणांची जनुकीय तपासणी केली, एचएलए-बी*१५०२ हा जनुकप्रकार असलेल्यांना ती गोळी टाळायला सांगितलं, आणि एकालाही हा सिंड्रोम झाला नाही.

भारतात अशा प्रत्येक रिअ‍ॅक्शनची नोंद व्हायला हवी. ती डॉक्टरच करू शकतात असं नाही. रुग्ण किंवा नातेवाईकही १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवू शकतात. गोळीचं पाकीट तेवढं फेकू नका.