मशिदीतला दवाखाना आणि आपले विहार

वाढलेला रक्तदाब आणि रक्तातली वाढलेली साखर बहुतेक वेळा दुखत नाही. ताप आला, दात ठणकला की माणूस दवाखान्यात जातो. बीपी वाढले तरी नाक्यावर उभे राहता येते, धुणीभांडी होतात, रिक्षाही चालवता येते. तपासणीला गेले तर एका दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते. मग एखाद्या सकाळी तोंड वाकडे होते, हात उचलत नाही आणि घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळतो. हे आपल्या वस्त्यांमध्ये आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

ही तपासणी घराजवळ आणि फुकट झाली तर किती फरक पडतो, हे समजून घेण्यासाठी आम्ही या वेळी हैदराबादचे एक उदाहरण निवडले आहे.

हैदराबादच्या जुन्या शहराकडे नवाबसाहेब कुंटा हा कष्टकऱ्यांच्या वस्त्यांचा भाग आहे. तिथल्या मस्जिद-ए-इसहाकच्या इमारतीत हेल्पिंग हँड फाउंडेशन ही संस्था प्राथमिक आरोग्य केंद्र चालवते. आजूबाजूच्या वस्त्यांतले लोक तिथे येतात. डॉक्टरची तपासणी होते, बीपी आणि साखर पाहिली जाते. दारात कोणाला धर्म किंवा जात विचारली जात नाही.

हे काम कशामुळे चालते? पहिले कारण जागा. दवाखान्याचा मोठा खर्च भाड्याचा असतो. प्रार्थनास्थळाची खोली मिळाली की तोच पैसा डॉक्टर आणि औषधांवर लावता येतो. दुसरे कारण ओळख. रोजच्या वाटेवरची जागा असल्यामुळे बायका शेजारणीला सोबत घेऊन सहज येतात. तिसरे कारण पुढची सोय. याच संस्थेचे कार्यकर्ते हैदराबादच्या सरकारी रुग्णालयांमध्ये रुग्णांना मदत करतात. केसपेपर कुठे काढायचा, कोणत्या खिडकीवर जायचे, हे सांगणारा माणूस मिळाला की गरीब रुग्णाचा निम्मा त्रास कमी होतो.

आपल्या महाराष्ट्रातही असे घडले आहे. जून २०२० मध्ये कोरोनाच्या काळात भिवंडीत शांतीनगरच्या मक्का मशिदीत रुग्णांसाठी ऑक्सिजनची मोफत सोय केली होती. तीही सर्व धर्मांच्या लोकांसाठी होती.

अशा कामाला पैसा कुठून येतो, असा प्रश्न पडेल. मुस्लिम समाजात जकात आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बचत वर्षभर राहिली तर तिचे अडीच टक्के गरजूंसाठी द्यायचे असतात. त्याशिवाय ज्याला जमेल तो स्वखुशीने सदका देतो. आपल्यालाही हा विचार नवा नाही. दान ही पारमिता आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले होते. आजारी माणसाची सेवा हे धम्मकार्यच आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतःच्या हाताने स्वच्छ केले, हा प्रसंग विनयपिटकात आहे. खुद्द बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांना त्याचा फार त्रास झाला.

काही घरांत विचारतात, "मशिदीतल्या शिबिरात आपण कसे जायचे?" आमचे म्हणणे सरळ आहे. बीपी मोजून घेणे म्हणजे पूजा करणे नव्हे. शेजारच्या मोहल्ल्यात चांगले शिबिर असेल तर अवश्य जा. आपल्या बावीस प्रतिज्ञांना त्याने बाध येत नाही. आणि आपल्या विहारात शिबिर असेल तेव्हा मोहल्ल्यातल्या आपा-चाचींनाही आवर्जून बोलवा.

आता हे आकडे लक्षात ठेवा.

बीपी : मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मशेरी नको. हात छातीच्या पातळीवर ठेवा. १४०/९० किंवा त्याहून जास्त आले तर घाबरू नका, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. पुन्हा तेवढेच आले तर डॉक्टरांना दाखवा. १८०/१२० च्या पुढे असेल तर त्याच दिवशी दाखवा.

साखर : उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा साखरेच्या चाचणीत ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, म्हणजे मधुमेहाची शक्यता. बोटाला टोचून केलेली तपासणी ही फक्त चाळणी आहे. शिरेतल्या रक्ताची तपासणी करूनच डॉक्टर निदान करतात.

गोळ्या : बीपी नॉर्मल आले म्हणजे आजार गेला, असे समजून गोळी बंद करू नका. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेले असते. शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये.

मीठ : दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका माणसाला सपाट चमचाभर. पापड, लोणचे, सुकट-बोंबील यांतले मीठही त्यात धरा.

झटका : तोंड वाकडे, एक हात लुळा, बोलणे अडखळते, यांपैकी एक जरी दिसले तरी लगेच १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. मालिश, झाडफूक, "सकाळी बघू" यांत तो वेळ जातो.

आपल्या विहारात काय करता येईल? महिन्यातला एक रविवार ठरवा. वंदना झाल्यावर दोन तास पुरे. दंडावर पट्टा बांधायचे एक चांगले डिजिटल बीपी मशीन, एक वजनकाटा आणि एक वही लागते. महिला मंडळातल्या दोघी आणि दोन तरुण यांनी मोजणे शिकून घ्यावे. वहीत नाव, तारीख आणि आकडा लिहावा. ती वही कुलपात ठेवावी, कोणाचा आजार चावडीवर जाऊ नये. सुई टोचायचे काम आशाताई किंवा परिचारिकेकडेच द्यावे. प्रत्येकाला नवी सुई हवी. औषध कोणते घ्यायचे हे मंडळाने सांगू नये, ते डॉक्टरांचे काम आहे.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची बीपी आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत. म्हणून विहारात जास्त आकडा निघालेल्या माणसाला नुसता निरोप देऊन थांबू नका. पहिल्या वेळी कोणीतरी सोबत जा आणि केसपेपर काढून द्या. पुढच्या महिन्यात तो आला नाही तर घरी जाऊन विचारा. शिबिर घेऊन फोटो काढणे सोपे आहे, पण माणूस वाचतो तो या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या पाठपुराव्याने.

हैदराबादच्या त्या मशिदीने आपल्या खोल्या आजारी माणसांसाठी उघड्या केल्या. आपली विहारेही आपणच वर्गणी काढून, विटा वाहून बांधली आहेत. महिन्यातून दोन तास ती आरोग्यासाठी उघडी ठेवूया.

जय भीम!