पाच मिनिटांचे घोडे, दोन जीबीची फाइल

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार शूट केलात. ब्राह्मणपुरीला घरी येऊन मोबाइलवरच पाच मिनिटांचा व्हिडीओ एडिट केलात. आता एक्स्पोर्ट. क्वालिटी भारी हवी, म्हणून बिटरेटचा स्लायडर पार उजवीकडे, ५० एमबीपीएसवर! फाइल झाली जवळपास १.९ जीबी आणि तुमचा रोजचा पॅक दीड जीबीचा. घ्या आता.

बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या व्हिडीओवर किती डेटा खर्च करायचा, ते. बिटरेटला सेकंदांनी गुणा, आठने भागा, एमबी कळतील. हाच व्हिडीओ ८ एमबीपीएसवर काढलात तर ३०० एमबी होतो. अपलोडचा स्पीड २ एमबीपीएस मिळाला तर तो वीस मिनिटांत चढेल. मोठ्या फाइलला दोन तासांहून जास्त लागतील, तेही मध्येच नेटवर्क गेलं नाही तर.

बरं, एवढं करून यूट्यूब तुमची फाइल जशीच्या तशी दाखवत नाहीच. तिला पुन्हा दाबून लहान-मोठ्या आवृत्त्या बनवतं. ८ हा आकडाही यूट्यूबनेच सुचवलेला आहे: १०८०पी, ३० फ्रेमसाठी ८, ६० फ्रेमसाठी १२. ७२०पीला ३० फ्रेमवर ५ पुरतात.

पण कंजुषीही नको. कॅमेऱ्यासमोर बसून बोलणारा माणूस कमी बिटरेटमध्ये निभावून जातो. धावता घोडा, उडणारी धूळ, काठीच्या होळीतल्या ज्वाळा आणि नाचणाऱ्यांचे मोरपिसांचे टोप मात्र नाही. तिथे चित्र सतत बदलतं आणि बिटरेट कमी पडला की चौकोन चौकोन दिसायला लागतात. अशा व्हिडीओला मी ३० फ्रेम असले तरी १२ देईन.

रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट शूट केलेत तेच ठेवा. १०८०पीचं ४के केल्याने घोड्याच्या आयाळीत नवे केस उगवत नाहीत! फॉरमॅट एमपी४, कोडेक एच.२६४, आवाज एएसी. झालं.

मित्राकडून क्लिप घेताना मात्र व्हॉट्सॲपवर साधा व्हिडीओ म्हणून मागवू नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा. एकदा तिथे दाबली गेलेली क्लिप कुठल्याच सेटिंगने सुधारत नाही.

आणि अपलोड झाल्या झाल्या व्हिडीओ धूसर दिसला तर घाबरून डिलीट करू नका. आधी कमी रिझोल्यूशनची आवृत्ती तयार होते, एचडी मागाहून येते. चहा घेऊन या, पुन्हा बघा आणि मगच ग्रुपवर लिंक टाका.