धुऱ्यावरचा हळदू सरपणाच्या भावात देऊ नका

कारध्याच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली की धानाच्या बांधी लागतात. अशाच एखाद्या धुऱ्यावर तुमचाही हळदू उभा असेल. धानावर सावली पडते म्हणून तो सरपणाला द्यायचे मनात असेल, तर शेतकरी बांधवांनो, जरा थांबा.

अमेरिका-कॅनडात मेपल नावाच्या झाडाला मोठा मान आहे. आपल्या देशात ते हिमालयात होते, विदर्भात नाही. त्याचे लाकूड फिकट, घट्ट आणि बारीक पोताचे. बास्केटबॉलच्या मैदानाची लाकडी फरशी, खाटकाचा ठोकळा, व्हायोलिनची पाठ त्याचीच करतात. मात्र उघड्यावर, पावसात ते लवकर कुजते.

आपला हळदू मेपलच्या कुळातला नव्हे, तो कळंबाचा भाऊबंद. पण लाकडाचे गुण बरेचसे तसेच. पोत एकसारखे, रंध्याला सोपे, लेथवर गुळगुळीत उतरणारे. कापडगिरण्यांच्या बॉबिन, फण्या, फूटपट्ट्या याच लाकडाच्या होत. आजही लाटणी, खेळणी, कोरीवकाम याला ते उत्तम. ताजे कापलेले लाकूड हळदीसारखे पिवळे असते, पुढे तांबूस होते. झाड ओळखायचे कसे? पान पिंपळासारखे हृदयाच्या आकाराचे, पण शेपटी आखूड. पावसाळ्यात पिवळे गोल गेंद येतात.

प्रत्येक लाकडाचे काम वेगळे. बंडीच्या चाकाला बाभूळ, चौकटीला साग. हळदू घरातल्या, छपराखालच्या कामाचा. तो पावसात ठेवाल तर पैसे गेलेच समजा.

तोडल्यावर गोलाई सालीसकट महिनोन् महिने पडू देऊ नका. बुरशीने डाग पडले की भाव उतरतो. लवकर आरामशिनीवर चिरून घ्या. फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून सावलीत, हवेशीर थप्पी रचा. टोकांना रंग फासा, म्हणजे चिरा कमी जातील. ओले लाकूड सुताराने वापरले तर वस्तू वाकणारच, मग दोष लाकडाला देऊ नका.

आणि महत्त्वाचे. झाड तुमच्या सातबाऱ्यातले असले तरी 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यातील अनुसूचित झाडांना परवानगी लागते. हळदू, साग, बीजा त्यात येतात. कुऱ्हाड लावण्याआधी वनविभागात अर्ज करा, वाहतुकीचा परवानाही विचारा. नाहीतर माल रस्त्यात अडकतो आणि पडत्या भावात विकावा लागतो.

तलाठी, ग्रामसेवक मंडळींनीही ही माहिती ग्रामसभेत सांगावी. झाड वाढायला पिढी जाते, तोडायला एक सकाळ पुरते.