चौकटीची पट्टी आणि लाकडाचा हिशेब

दारा-खिडक्यांभोवतीची नक्षीदार पट्टी म्हणजे घराची किनारच. रंधा मारणाऱ्या कारागिराला तिचा आडवा छेद पाठ असतो. संगणकालाही नेमका तोच लागतो. स्केचअपमध्ये भिंतीचा आधी वेगळा ग्रुप करावा, नाहीतर पट्टी तिला चिकटते. मग पट्टीची वाट आखावी : दाराला तीन बाजू, खिडकीला चारही. वाटेच्या टोकाशी काटकोनात छेद खऱ्या मापाने काढावा. ‘फॉलो मी’ हे हत्यार तो वाटेवरून फिरवते आणि कोपऱ्याचा ४५ अंशांचा सांधाही जुळवते.

खरा फायदा हिशेबात आहे. ९०० बाय २१०० मिलिमीटरच्या दाराला, अगदी कडेला लागून, ७५ मिलिमीटर रुंद पट्टी लावायची आहे. नुसत्या दाराच्या मापाने लाकूड ५१०० मिलिमीटर वाटते. सांध्याच्या बाहेरच्या टोकांपर्यंत मोजले तर वरची पट्टी १०५०, उभ्या दोन २१७५ प्रत्येकी, एकूण ५४००. वीस दारांत फरक ६ मीटरचा, करवतीची नासाडी वेगळी. भाव ठरल्यावर ही तूट कारागिराच्याच खिशातून जाते.

तेव्हा घरातल्या शिकलेल्या मुलाला संगणकावर बसवावे. छेद मात्र उस्तादानेच सांगावा. गिऱ्हाइकाने नमुना आधी पाहिला, की मागाहूनची कटकटही टळते.